लिफाफा आने दो

गावात कोणाच्या घरचं माणूस गेलं हे नायरबाबूला सगळ्यांत आधी कळायचं, आणि तो ते कोणालाही सांगायचा नाही. आमच्या तारघरात तो यंत्रावर बसे. खटखट कानानं ऐकून मजकूर उतरवायचा, लिफाफ्यात घालायचा, रहीमभाईच्या सायकलवर धाडायचा. लिफाफा हातात पडेपर्यंत कोणी मेलेलंच नसतं, असं त्याचं ठाम मत. रस्त्यात कोणी विचारलं, "बाबू, आमची काही तार?" तर एकच उत्तर, "लिफाफा आने दो."

लोक त्याला मद्रासी म्हणत. "मद्रासी नही, मलयाली," तो दर वेळी दुरुस्त करी. लोक म्हणत, "हाव, तेच ते."

मी मिरचीचा व्यापारी. वडनेरहून डोक्यावर पोतं घेऊन आलो, आज बाजारात माझी पेढी आहे. मिरचीच्या भावाच्या तारेसाठी रोज सकाळी तारघराच्या खिडकीशी असायचो. नायर आधी भुसावळला एक खूण वाजवी. दोन तोकडे ठोके, एक लांब, पुन्हा लांब. तिकडून तीच परत आली की मगच कामाला हात.

"काय वाजवून राह्यला रे बाबू? तिकडं माहा भाव पडून राह्यला!"

"अक्षर है, सेठ. ळ नही, य नही, बीच का. सरकारी तारेत त्याला खूणच नाही. माझ्या गावाच्या नावात आहे ते. तार केली की माझं गाव चुकतं. मी आणि कुरुपनं त्याला खूण दिली."

कुरुप भुसावळचा तारबाबू, त्याच्याच गावचा. दोघं एकमेकांना भेटत क्वचितच. अक्षर मात्र रोज भेटे.

इथवर माझी तक्रार नव्हती. पण एके दिवशी नायर माझ्या पेढीवर येऊन चहा प्याला. मी एका गिऱ्हाइकाला कसं नमवलं ते हसत हसत सांगत होतो, तो मान हलवत होता. तो उठून गेला आणि रहीमभाई तार घेऊन आला. माझा थोरला भाऊ नागपूरच्या दवाखान्यात वारला होता. कागदावर अक्षर नायरचं.

तारघरात जाऊन मी त्याची गचांडी धरली. "काऊन बे, तुले ठाऊक होतं अन् मले हसू देलं?"

"लिफाफा नही आया था, सेठ."

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. मिरचीच्या भावाची तार कागदावर लिहून खिडकीतून आत सरकवायची, बस.

मग एका सकाळी खिडकीवर नायर नाही. पोस्टमास्तर म्हणाले, "रजा टाकून खोलीवर गेला." माझं डोकं भडकलं. माल खोळंबलेला आणि याला रजा! तरातरा त्याच्या खोलीवर गेलो. तो धुतलेला सदरा घालून पायरीवर बसला होता.

"बसा, सेठ. मिरची काय म्हणते?"

मी तोंड उघडणार, तोच रहीमभाईची सायकल आली. त्यानं मान खाली घालून लिफाफा पुढं केला. नायरनं सही केली. व्यवस्थित फोडला. आतला कागद त्याच्याच हातचा, सकाळी स्वतःच ऐकून उतरवलेला. कुरुप गेला होता. नायरनं तो पहिल्यांदाच वाचावा तसा वाचला, आणि मग मोठ्यानं रडला.

रडणं ओसरल्यावर त्याचं बोट पायरीवर वाजू लागलं. दोन तोकडे, एक लांब, पुन्हा लांब. मग कान देऊन बसला.

माझा राग गेला नव्हता, आजही गेलेला नाही. पण ती शांतता मला सोसेना. मी दाराच्या चौकटीवर बोटानं वाजवलं.

"शेवटी लांब, सेठ," तो मान वर न करता म्हणाला. "फिरसे."

मी पुन्हा वाजवलं.