गोदाक्कांचा दावा

शालनच्या दारात किती चपला आहेत, हे मोजल्याशिवाय गोदाक्कांना संध्याकाळचा चहा गोड लागत नसे. शालन ही त्यांची भाडेकरीण. राहात्यात आमच्या गल्लीत आक्कांचं पाच खोल्यांचं घर. मागच्या तीन खोल्यांत त्या एकट्या, पुढच्या दोन खोल्यांत शालन आणि तिचं शिलाई मशीन. मी शेजारचा, निवृत्त मास्तर. मोजणी झाली की आक्का माझ्या ओट्यावर यायच्या. "मला काय करायचंय गुरुजी, पर आज अकरा जोड हायेत," म्हणायच्या आणि तासभर त्या अकरा जोडांवरच बोलायच्या.

खरं तर शालनला त्यांनीच हौसेनं ठेवून घेतलं होतं. एकटी बाई आहे, आपल्यालाही सोबत होईल, म्हणून. पण शालनचा हात चांगला आणि जीभ त्याहून गोड. ब्लाउज शिवायला आलेल्या बाया तिथंच बसायच्या, चहा प्यायच्या, हसायच्या. ते हसणं भिंतीपलीकडे ऐकू यायचं. मशीनच्या आवाजानं डोकं दुखतं, अशी आक्कांची तक्रार असे. मशीन बंद असलं तरी दुखायचं.

मग राजूरहून त्यांची नणंद आली. दोन दिवसांसाठी आलेली ही बाई माप द्यायला म्हणून शालनकडे गेली, ती थेट जेवायलाच परतली. जेवतानाही तोंडात शालनचंच कौतुक. नणंद ज्या दिवशी गेली, त्याच दिवशी आक्कांनी वकील गाठला.

बाया हसतात म्हणून खोली रिकामी करून मिळत नाही, असं वकिलानं समजावलं. खोलीची स्वतःला गरज आहे, हे दाखवावं लागेल. तेव्हा दाव्यात लिहिलं गेलं, की पुण्याचा मुलगा बायकापोरांसह कायमचा राहायला येणार आहे.

तारखांना मी आक्कांना स्कूटरवरून न्यायचो. शालनही यायची, डबा घेऊन. एकदा दुपार टळली तरी पुकारा झाला नाही, तेव्हा तिनं बाकावर डबा उघडला आणि सगळ्यांना आग्रह केला. आमच्याच वकिलानं तिचं थालीपीठ खाल्लं, वर लोणचं मागितलं. परतल्यावर घरापाशी उतरताच आक्का म्हणाल्या, "वकील बदलायचा."

वकील बदलला नाही, पण साक्षीचा दिवस आला. मुलगा दिवाळीला येणार, हे वाक्य आक्कांकडून घोकून घेतलं होतं. शालनच्या वकिलानं साधंच विचारलं, मुलगा या घरात शेवटचा मुक्कामाला कधी होता? आक्कांनी घोकलेलं वाक्यच म्हणून टाकलं. न्यायाधीशबाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा त्या हळूच बोलल्या.

"त्यो न्हाई येत, मॅडम. फोन बी सणावाराला करतो."

"मग खोली कशाला हवी आहे तुम्हाला?"

"ही गेली, तर बाया माझ्याकडं येतील, असं वाटलं हुतं."

कोर्टात कोणी हसलं नाही. आमच्या वकिलानं कागद आवरले. पुढच्या तारखेला दावा मागे घेतला.

साक्षीच्या दिवशी बाहेर आल्यावर शालन आक्कांजवळ आली. ब्लाउजांना हुका लावायला माणूस मिळत नाही, तुम्ही याल का, असं तिनं विचारलं. आक्का सरळ माझ्या स्कूटरवर जाऊन बसल्या. दोन दिवस घरात बसून काढले आणि तिसऱ्या दिवशी चष्मा पुसून गेल्या. आता त्या शालनच्या खिडकीशी बसून हुका लावतात. बाया त्यांना मुलींची स्थळं दाखवतात, सासवांची गाऱ्हाणी सांगतात. शालन एखादीशी फार वेळ बोलली, तर आक्का मधेच दोरा मागतात.

माझ्या ओट्यावर मात्र त्या फिरकत नाहीत. शेजारून हसणं आलं, की मी वर्तमानपत्राची पानं जरा जोरात उलटतो. परवा माझ्या चांगल्या सदऱ्याची बाही मीच ब्लेडनं उसवली आणि शालनकडे घेऊन गेलो. आक्कांनी उसवलेली शिवण निरखली, मग माझ्याकडे पाहिलं आणि पायानं स्टूल पुढे सरकवलं.

"बसा गुरुजी," त्या म्हणाल्या. "ह्याला वेळ लागंल."