पाझर तलाव गळ मंडळ : जागा भरणे आहे

जे काम हातपाय न हलवता होतं, त्याला नियम सगळ्यात जास्त लागतात. ग्रामसभा, दुखवट्याची बैठक आणि गळाने मासे धरणं ही याची तीन उदाहरणं. पहिल्या दोन ठिकाणी मी पुष्कळ बसले आहे. तिसऱ्या ठिकाणी सहा वर्षं बसते आहे आणि तिथेच काय ते शिकले, म्हणून तिसऱ्याबद्दल लिहिते.

आमच्या गावच्या पाझर तलावावर (धामणगाव बढ्याहून जीपने वीस मिनिटं, जीप भरेपर्यंत दीड तास) एक गळ मंडळ आहे. सभासद चार. अध्यक्ष माझे मालक, रामराव. सचिव माणिकराव, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. राहिलेल्या दोघी म्हणजे मी आणि माझी थोरली जाऊ गोजरबाई. मंडळाची सरकारदरबारी नोंद नाही. नोंदीला जास्त माणसं लागतात म्हणे, आणि इतकी माणसं एका काठावर गप्प बसलेली या तालुक्यात अजून कोणी पाहिलेली नाहीत.

मी सभासद झाले ती मालकांना घरी आणायला गेले तेव्हा. सोयाबीन सोंगायला आलं होतं आणि हे तलावावर. काय काय बोलायचं ते मी वाटेत जुळवून नेलं होतं. चांगलं जुळलं होतं. पोचले तर यांनी तोंडावर बोट ठेवलं, काठी माझ्या हातात दिली आणि झाडामागे गेले. तेवढ्यात ओढ लागली. वीतभर चिलापी निघाली. तिने माझ्याकडे आणि मी तिच्याकडे पाहिलं, आणि जुळवलेलं सगळं मी विसरले. तेव्हापासून सोयाबीनच्या दिवसांत आम्हा दोघांनाही घरी आणायला माणूस पाठवावा लागतो.

गोजरबाई आठव्या दिवशी आली. मासे आवडतात म्हणून आले, असं ती सांगते. खरं कारण असं, की मी ज्या कामाला हात घालते त्यात ती माझ्यापेक्षा बरी निघते, हे चार लोकांना दिसावं अशी तिची इच्छा असते. तिने ते दाखवलं. मागच्या वर्षाचा गोषवारा माणिकरावांनी काढला तो असा : काठावर बसण्याचे दिवस दोनशे अकरा, मासे चौऱ्याण्णव. पैकी गोजरबाई एक्कावन्न, माणिकराव बावीस, मालक चौदा, मी सात. (माझ्या सातांत एक बेडूक होता असं मालकांचं म्हणणं आहे. अध्यक्षाने असं पक्षपाती बोलू नये.)

मंडळाचे नियम थोडे आहेत, पण कडक आहेत.

एक. काठावर गरजेपुरतं कुजबुजायचं, त्यापुढे तोंड उघडायचं नाही.

दोन. दुसऱ्याच्या काठीला हात लावायचा नाही. मासा काठी घेऊन नांदुऱ्याला निघाला तरी नाही.

तीन. सुटलेल्या माशाची लांबी एकाच हाताने दाखवायची. दोन्ही हात वापरले की मासा वाढतो.

चार. एकादशी, सोमवार, गुरुवार आणि श्रावणात मासा खायचा नाही. धरायला हरकत नाही, धरून सोडायचा. (यामुळे आमच्या तलावातले मासे वार ओळखायला लागले आहेत. गुरुवारी जेवढे येतात तेवढे रविवारी येत नाहीत.)

पहिला नियम माझ्यासाठी आणि गोजरबाईसाठी नवा नव्हता. आम्ही दोघी अकरा वर्षांपासून एकमेकींशी बोलत नव्हतो. कारण मोठं होतं. तिच्या मुलाच्या, म्हणजे दीपकच्या साखरपुड्यात पुरणपोळ्या मी केल्या होत्या. पन्नास पाहुण्यांसमोर ती म्हणाली, "पोई जाड झाली वं." एवढंच. प्रकरण तेव्हापासून प्रलंबित होतं. तिला माघार घ्यायला मी भरपूर मुदत दिली. तिने ती पूर्ण वापरली.

इतर माणसांना गप्प बसायला शिकावं लागतं. मालकांना दोन वर्षं लागली, माणिकराव अजून मधेच "चला, पुढे सरका" म्हणतात. आम्ही दोघी मात्र तयार होऊनच आलो होतो. पाच हातांवर बसून दिवसभर एक शब्द नाही. बाहेरगावची मंडळी येऊन आमच्याकडे बघून जायची. देऊळघाटचे एक गृहस्थ म्हणाले, अशी एकाग्रता त्यांनी कुठे पाहिली नाही. मी मान हलवली. एकाग्रता नव्हती, अपमान होता; पण दोन्हींत पाठ सारखीच ताठ राहते.

अगदीच गरज पडली तर पत्रव्यवहार माणिकरावांमार्फत चालायचा. मी कुजबुजायचे, "माणिकराव, कोणाले तरी सांगा, सावली पाण्यावर पडून राह्यली म्हणा." पाच हातांवर बसलेल्या तिला ते ऐकू गेलेलं असायचं. तरी माणिकराव उठून जायचे आणि सांगायचे, "बाई, सावली पाण्यावर पडून राह्यली." ती म्हणायची, "त्याईले म्हणा, सूर्याले सांगा." मग ते परत येऊन मला सांगायचे, "वैनी, सूर्याले सांगा म्हणते." तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कोणाचं तिकीट दुसऱ्याला दिलं नाही. निरोपाचंही तसंच. पदरचा एक शब्द घालायचे नाहीत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना, मागच्या माघात बुधवारी माणिकरावांनी खबर आणली, की दीपक शनिवारी रात्री पुण्याहून गाडी घेऊन येतो आहे आणि रविवारी गोजरबाईला कायमची घेऊन जातो आहे. थोरले भाऊजी, तिचे मालक, गेल्यापासून ती एकटीच होती, गुडघे दुखतात, पुण्याला लिफ्ट आहे. इकडच्या घराला कुलूप.

मला काही वाटलं नाही. त्या दिवशी मी गळाला गांडूळ न लावता अडीच तास बसले, हा निव्वळ योगायोग.

घरी आल्यावर मालक म्हणाले, "चार दिवस हायेत. बोलून टाक ना वं एकदाचं."

"मी काऊन?" मी म्हटलं. "ते थोरली हाये. चूकही तिचीच. दोन्हीकडून पाह्यलं तरी पह्यले तिनंच बोलावं."

"तिले इचारलं का?"

"तिले इचारायचं म्हणजे बोलावंच लागन ना?"

मालक काठीचा गुंता सोडवायला अंगणात गेले. बेचाळीस वर्षांच्या संसारात एवढं त्यांना कळतं.

तरी मी मन मोठं केलं. शुक्रवारी पुरणपोळ्या केल्या. खालच्या ताटावरची नक्षी दिसावी इतक्या पातळ. डबा मालकांसोबत पाठवला. निरोप नाही, नुसता डबा. संध्याकाळी तो धुऊन परत आला. आपल्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत, चार दाणे तरी साखर घालतात. मी झाकण काढून पाहिलं. साखर होती. चार दाणे म्हणजे म्हणायला चार. मी मोजले, वीस निघाले. वीस म्हणजे राग का माया, ते शनिवारभर मला कळलं नाही.

रविवारी उजाडायला मी तलावावर गेले तर ती आधीच येऊन बसलेली. पेटी भरून झाली असेल, दीपक दहाला निघणार होता. शेवटचं बसायला आली होती. काठी दोन फांट्यांच्या खुंटीवर टेकवलेली, तंगूस (गळाचा दोरा) पाण्यात, मोरपिसाची पांढरी दांडी पाण्यावर उभी. ती दांडी बुडाली की समजायचं, खाली कोणीतरी आलं आहे. मी नेहमीच्या पाच हातांवर बसले. थोड्या वेळाने माणिकराव चहाला गेले. मालक दीपकसोबत तिचं सामान गाडीत चढवायला गेले होते. काठावर आम्ही दोघी, आणि पाण्यात किसनरावांची म्हैस.

आठच्या सुमाराला मी पाहिलं, तर गोजरबाईची मान खाली गेलेली, पदर डोळ्यांवर. आणि तिची दांडी बुडाली.

बुडाली म्हणजे हळूच नाही. खाली गेली आणि तंगूस बाजूला चालू लागला. चिलापी असं करत नाही. मरळ होती. सहा वर्षांत आमच्यापैकी कोणाला मरळ मिळालेली नव्हती. माणिकरावांनी एकदा सुटलेली दाखवली होती, तीही एकाच हाताने.

आता परिस्थितीचा नीट विचार करू. काठीला मी हात लावू शकत नव्हते : नियम दोन. ओरडू शकत नव्हते : नियम एक. माणिकराव चहाला. मी पहिलं बोलले असते तर अकरा वर्षं पाण्यात. नाही बोलले तर मरळ पाण्यात. मी आधी खोकले. मग बांगड्या वाजवल्या. मग म्हशीमार्फत प्रयत्न केला.

"म्हशी," मी जरा मोठ्याने म्हटलं, "कोणाची तरी दांडी बुडून राह्यली वं."

म्हशीने कान हलवला. निरोप पुढे दिला नाही. तिला एसटीचा अनुभव नाही.

काठी खुंटीवरून घसरली. तिचं टोक पाण्याला लागलं. मला त्या क्षणी माशाचं काही वाटलं नाही, हे मी नमूद करते. मला एवढंच दिसलं, की दोन तासांनी ही बाई गाडीत बसेल आणि तिच्या हातून सुटलेली एकुलती एक मरळ मला ठाऊक असेल, आणि ते मी तिला कधीच सांगू शकणार नाही.

"बाई! ओढा ना वं! मासा चालला!"

तलावापलीकडच्या शेतातली माणसं उभी राहून बघायला लागली.

गोजरबाईने पदर सावकाश मागे घेतला. सावकाश काठी उचलली. तंगूस ढिला वर आला, टोकाला गळ नव्हता. तोडून गेली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर झोपेचा मागमूस नव्हता.

"मी जागीच होती, भामे."

"मंग ओढली काऊन नाही?"

"पाहात होती, तू बोलते का म्हैसच बोलते ते." मग म्हणाली, "अकरा वर्सं झाले. मासा काय, कवाही सापडते."

"पुण्यात कुठं सापडते?"

ती तंगूस बोटाला गुंडाळत राहिली. शेवटी म्हणाली, "पोया चांगल्या झाल्या व्हत्या."

मी गळावरचं गांडूळ बदललं, होतं ते ताजंच होतं.

"मीठ जरा कमी होतं," ती म्हणाली.

त्यानंतर आम्ही पावणेदोन तास बोललो. कोण गेलं, कोणाची सून कशी निघाली, कोणत्या गुडघ्याला कोणतं तेल. माणिकराव चहाचे दोन कप घेऊन आले, लांबूनच ऐकलं आणि चहा घेऊन परत गेले. निरोप्याचं पद रद्द झाल्याचा त्यांना धक्का बसला असावा. एकही मासा आला नाही. पण अकरा वर्षांचा अनुशेष पावणेदोन तासांत भरून निघत नाही. विदर्भातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

दहाला गाडी आली. काठी आत मावेना म्हणून दीपकने टपावर बांधली. सातव्या मजल्यावरून ती कुठे टाकणार, हे मी विचारलं नाही.

याला सात आठवडे झाले. या सात आठवड्यांत मी एकटीने तेवीस मासे धरले. शेजारी आपल्यापेक्षा चांगलं धरणारं कोणी नसलं की आकडा वाढतो. खायला कोणी मागत नाही. मालक म्हणतात, पूर्वी सातच धरायची तेव्हा रस्सा बरा व्हायचा.

गोजरबाईचा फोन नाही. तलावावर पहिलं मी बोलले, तेव्हा फोनची पाळी तिची, हे उघड आहे. दीपककडून असं कळलं, की शेवटचा मुद्दा मिठाचा होता आणि त्यावर माझं उत्तर यायचं राहिलं आहे, सबब पाळी माझी, असं तिचं म्हणणं. परवा मी एकदा लावला. एक घंटा झाली आणि चुकून बंद झाला. माणिकरावांना विचारलं, एका घंटेचा फोन हिशेबात धरत नाहीत म्हणाले. काल तिचा आला होता. एकाच घंटेचा.

असो. मंडळात जागा रिकामी आहे, ती भरणे आहे. माझ्या अनुभवाचा लाभ घेऊन मंडळाने भरतीची पद्धत बदलली. मासे धरता येण्याची अट काढली. अर्जदाराने एकट्याने येऊ नये. ज्याच्याशी किमान पाच वर्षं बोलणं बंद आहे, असं एक माणूस सोबत आणावं. जाऊ, भाऊ, व्याही, बांधाशेजारी, वर्गमित्र, कोणीही चालेल. कारण लहान असल्यास प्राधान्य. माणिकरावांनी हे मोबाईलच्या ग्रुपवर टाकलं, तर पंधरा दिवसांत एक्केचाळीस अर्ज आले. दोन अर्ज एकाच घरातून आले आहेत, वेगवेगळ्या पाकिटांत.

तुम्हीही अर्ज करू शकता. इथपर्यंत वाचलंत म्हणजे मधे कुठेतरी एक नाव तुमच्या मनात येऊन गेलंच असेल. ते आम्हाला कळवायची गरज नाही. फक्त अर्जासोबत त्या माणसाची संमती लागते. ती घेण्याची जबाबदारी तुमची राहील. चिठ्ठी, मेसेज, तिसऱ्या माणसाचा निरोप चालणार नाही. संमती समोर उभं राहून, तोंडाने मागायची आहे.