सुई न टोचता पगार

गुलाबमामांनी ट्रॅक्टर हातात दिला नसता, तर मी आज शिक्रापुरात नसते; हिंगोलीकडच्या आमच्या गावी परत गेले असते. हे आधीच सांगून टाकते, कारण आता मी मामांना थोडी हसणार आहे.

मामा आमचे खोलीमालक, मूळचे खुटबावचे. बरा पगार मिळवणारा, पण डॉक्टर नसलेला माणूस दिसला की ते त्याला सोडत नाहीत. हायवेवर बंद पडलेला ट्रक ओढायला क्रेन आली की मामा चहा घेऊन हजर. "पाव्हणं, शिकला किती? महिन्याला पडतंय किती?" आकडा कळला की आम्हा भाडेकरूंकडे वळून ओरडतात, "ऐकलं का? सुई न टोचता!"

मोबाइलच्या टॉवरवर चढलेल्यालाही त्यांनी खालून विचारलं. ऐकू जाईना म्हणून त्यानंही ओरडून सांगितलं. त्याचा पगार आता आमच्या गल्लीला पाठ आहे. एकदा मामांच्या छातीचा एक्स-रे काढायचा होता. मशिनवाला म्हणाला, "श्वास रोखा." मामा म्हणाले, "रोखतो. पण तुमी डॉक्टर न्हाई ना? मंग आधी सांगा, ह्याचा कोर्स कुठं असतो?"

मी दहावी अर्धवट सोडलेली, कंपनीत पॅकिंगला, कंत्राटावर. कंत्राट संपत आलं तसं सुपरवायझर म्हणाले, "फोर्कलिफ्टची टेस्ट पास झालीस तर ठेवतो. आठ दिवस आहेत." कंपनीत रोज तासभर शिकवायचे आणि मी रोज काहीतरी ठोकायची. ते माल उचलायचं यंत्र मागच्या चाकांवर वळतं. तोंड इकडे फिरवावं तर ढुंगण तिकडे जातं. घरी काय सांगायचं, या धास्तीनं मी नळाशी रडत बसले होते.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. "मागनं वळतंय व्हय? मंग ट्रॉली रिव्हर्स घ्यायला शिक. आमच्याकडं जत्रंला शर्यती लागत्यात त्याच्या."

अंगणात कांद्याच्या गोण्यांची गल्ली केली. मामा तोंडात शिट्टी घेऊन मागे उभे. "अगं, शेपटीकडं बघ, शेपटीकडं! तोंडाला काय बघायचंय?" पहिल्याच दिवशी मी मामींच्या वाळत घातलेल्या कुरडयांवरून ट्रॉली नेली.

"ह्या कुरडयांचा पगार कोण देणार?" मामींनी विचारलं.

"पास झाल्यावर हीच देईल," मामा म्हणाले.

मुदतीच्या सातव्या दिवशी ट्रॉली गल्लीत सरळ शिरली. आठव्या दिवशी मी पास झाले.

पेढे घेऊन गेले, तर मामांनी एक तोंडात टाकला आणि ते ट्रॅक्टर पुसायला गेले. मग मामी हळूच बोलल्या. त्यांच्या लेकीला, मनीषाला, मामांनी डॉक्टरकीच्या परीक्षेला तीनदा बसवलं. तिला ओढ ट्रॅक्टरची. "चालवू नये म्हणून चावी पिठाच्या डब्यात लपवायचे. चौथ्यांदा बसवाया लागले, तवा ती घर सोडून गेली. नाशिककडं असती. माझ्याशी बोलती, ह्यांच्याशी न्हाई."

मामींकडून मी तिचा पत्ता घेतलाय. मामा, पहिली सुट्टी मिळाली की मी नाशिकला जाणार. ती माझ्याबरोबर येईल की नाही, माहीत नाही. पण तुमचे उपकार मला असेच फेडता येतील. तिला एवढं नक्की सांगेन, की चावी आता ट्रॅक्टरलाच असते.