न लावायची स्टेपनी

खंडूआबांच्या मोटारीला पाच चाकं होती आणि त्यांतलं पाचवं चाक सात वर्षांत एकदाही जमिनीला टेकलं नव्हतं.

याचा अर्थ बाकीची चार शहाण्यासारखी वागत होती असा मुळीच नाही. लोणावळा ते तळेगाव रस्त्यावर तेव्हा मोटारींपेक्षा बैलगाड्या जास्त, आणि बैलांच्या नालांचे खिळे रस्ताभर सांडलेले. आठवड्यातून दोनदा तरी आबा चालवायचे ती आमची उतारूंची सर्व्हिस मोटार 'फुस्स' करून एका अंगावर कलायची. मागच्या बाजूला स्टेपनी बांधलेली असायची, हवा टंच भरलेली. पण आबा तिला हात लावतील तर शपथ! तिला फाटक्या घोंगडीचं पांघरूण होतं, दसऱ्याला झेंडूची माळ होती, आणि कोणी तिला नुसतं टेकून उभं राहिलं तरी आबा खेकसायचे, "ओ पाव्हनं, सरका तिकडं! कामाची वस्तू हाय ती."

कामाची म्हणे. सात वर्षांत तिनं केलेलं एक काम मला दाखवा.

मी तळेगावच्या एका शाळेत गणित शिकवायचो आणि आईमुळे राहायचो लोणावळ्यात. आगगाडीच्या वेळा शाळेशी जुळत नव्हत्या, म्हणून रोज आबांची मोटार. माझा स्वभाव आधीच तापट, त्यात गणिताचा मास्तर. मला चुकीचं उत्तर सहन होत नाही. या स्टेपनीपायी आबांची नोकरी जायची वेळ आली आणि ती माझ्यामुळे आली, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून सांगायला जास्त लाज वाटेल.

पहिल्यांदा कार्ल्याच्या अलीकडे चाक बसलं तेव्हा मी नवा होतो. आबा खाली उतरले, जॅक लावला, चाक काढलं आणि टायरमधून ट्यूब ओढायला बसले. पन्नाशीचा माणूस, डोक्याला पटका, मिशा पांढऱ्या. मी जवळ जाऊन म्हणालो, "आबा, स्टेपनी आहे की मागे."

"हाय की."

"मग ती लावा ना!"

"ती लावली तर मंग स्टेपनी कुटं ऱ्हायली?"

मी हसलो. मला वाटलं, गंमत करताहेत. पण आबा ट्यूबमध्ये तोंड घालून गंभीरपणे बसले होते. मी विचारलं, "अहो, स्टेपनी असते कशासाठी?"

"अडचनीसाठी."

"मग ही अडचण नाही का?"

"ही? हे तर पंक्चर. मला काढता येतंय. मंग अडचन कशी?"

"आणि नाही काढता आलं तर?"

"मंग स्टेपनी हाय की."

"तेच म्हणतोय मी! आत्ता स्टेपनी लावा, पुढे पंक्चर झालं तर ते काढा."

"पुडं कशाला? तेच तर हितं काढतोय." आणि मान वर न करता त्यांनी मला त्यांचं ठरलेलं वाक्य ऐकवलं, "मास्तर, तुमचं आजचं झालं. पर पुडचं काय?"

यात कुठेतरी चूक आहे हे मला दिसत होतं, पण नेमकी कुठे आहे ते सापडेना. शाळेत पोचल्यावर मी हाच प्रश्न सातवीच्या वर्गाला घातला. अर्धा वर्ग आबांच्या बाजूनं गेला. मी चिडून सगळ्यांना त्रैराशिकाची दहा गणितं घरी करायला दिली आणि त्या रात्री मलाच झोप लागली नाही.

पंक्चर काढण्याचा आबांचा सोहळा दीड तासाचा. एवढा वेळ का लागायचा, देव जाणे. ते ओढ्यातून बादली भरून आणत, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत, आणि सापडला तरी "आनखी एखादं असंल" म्हणत पुन्हा पहिल्यापासून शोधत. मग काचकागदानं घासणं, मग सोल्युशन लावणं, मग ते वाळेपर्यंत बसणं. तोवर उतारू झाडाखाली पसरलेले असत. कोणी भाकरी सोडी, कोणी पान जुळवी. तीन दगडांवर चहासुद्धा होई. हवा भरायला प्रत्येकानं पंपाचे पन्नास दट्टे मारायचे हा आबांचा कायदा होता. त्यातून बायका आणि म्हातारे सुटत, मास्तर सुटत नसत.

आणि हे सगळं चालू असताना आबांच्या चौकशा. औंढ्याची ठकूमावशी आठवड्याला कोंबड्या घेऊन तळेगावच्या बाजाराला जायची. तिला विचारणार, "मावशे, सून नांदती का आता नीट?" मावशी सुनेचं सगळं पुराण सांगणार. मला विचारणार, "मास्तर, लग्नाचं कुटवर आलं?" मी म्हणायचो, "आबा, पंक्चर कुठवर आलं ते बघा!" सगळे हसायचे. आबाही हसायचे आणि परत बुडबुडे शोधायचे. ठकूमावशीला तर या खोळंब्याचं काहीच वाटत नसे. मी घड्याळ बघायला लागलो की ती म्हणायची, "घड्याळ बगून काय चाक फुगतंय व्हय?"

मी हार मानणारा नव्हतो. एका दिवशी लोणावळ्याला मोटारीच्या मालकाकडे गेलो. मालक सज्जन माणूस, धंदा किराण्याचा, मोटारीतलं त्याला काडीचं कळत नव्हतं. त्याला म्हटलं, गाडीला दोन स्टेपन्या द्या. म्हणजे एक वापरली तरी एक शिल्लक राहते, आबांचा सिद्धांतच कोसळतो. मालकानं मान डोलावली आणि दुसरी स्टेपनी आणून दिली. पुढचं पंक्चर व्हायची मी अक्षरशः वाट पाहिली. कामशेतच्या पुढे ते झालं. मी टुणकन उडी मारून आबांसमोर उभा राहिलो. "आता बोला! आता दोन आहेत!"

आबांनी कौतुकानं दोन्ही स्टेपन्यांकडे बघितलं. "व्हय की. लय ब्येस केलं मालकानं. पर एक लावली तर एकच ऱ्हाती, मास्तर. आन इतकी वर्सं एकीवर कशी काडली, ते माझं मला ठावं."

एवढं बोलून ते बादली घेऊन ओढ्याकडे निघाले. त्या दिवशी मी चौथ्या तासाला शाळेत पोचलो आणि हेडमास्तरांनी साऱ्या शिक्षकांसमोर विचारलं, "काय, आज अर्ध्या दिवसाची शाळा का?"

घरी येऊन मी कागद घेतला आणि मालकाला पत्र लिहिलं. सात वर्षांत किती पंक्चर झाली असतील, प्रत्येकी दीड तास, गुणिले सरासरी वीस उतारू, म्हणजे माणसांचे एकूण किती तास धुळीत गेले, असा सगळा हिशेब मांडला. खाली सही केली, 'एक त्रस्त उतारू'. पत्र टाकलं आणि मला फार बरं वाटलं. काय वाटू नये तेच माणसाला नेमकं वाटतं.

मालकानं आबांना बोलावलं. म्हणाला, लोक आगगाडीकडे वळायला लागलेत. यापुढे गाडी पंक्चरमुळे एकदा जरी थांबून राहिली, तर त्याच दिवशी किल्ली माझ्या हातात द्यायची. सोमवारी मी स्वतः गाडीत बसणार आहे.

ही बातमी सोमवारच्या आतच गावभर झाली. पन्नाशीच्या ड्रायव्हरला दुसरीकडे कोण ठेवणार? मला आबांनी स्टेपनी लावायला हवी होती, त्यांची नोकरी जायला नको होती. पण स्वतःहून स्टेपनी लावतील तर ते आबा कसले, आणि नाही लावली तर काय होणार हे तर ठरलेलंच होतं. मी रात्री देवाला म्हटलं, उद्या पंक्चरच होऊ देऊ नकोस. गणिताच्या मास्तरानं देवाकडे मागायची ही गोष्ट नव्हे.

सोमवारी मालक पुढच्या बाकावर बसला. वडगावच्या अलीकडे 'फुस्स' झालं. सवयीनं सगळे उतरले. ठकूमावशीनं झाडाखाली फडकं अंथरलंसुद्धा आणि कोंबड्यांची पाटी शेजारी ठेवली. मी आबांकडे बघत होतो. ते क्षणभर स्टेअरिंग धरून नुसते बसून राहिले. मग उतरले, मागे गेले आणि घोंगडी काढली.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो. जॅक लागला, नट सुटले, चाक निघालं, स्टेपनी बसली, नट आवळले. आठ मिनिटं. मी घड्याळ लावून मोजली. त्यांचा हात कुठे चुकला नाही, अडला नाही. सात वर्षं दीड तास लावणाऱ्या माणसाचे ते हातच वाटेनात. "बसा समदी," आबा म्हणाले. मावशी फडकं गोळा करत गोंधळून विचारत राहिली, "झालं? एवड्यात? अरं, आता तर बसलोय!"

मालक खूष झाला. आबांची नोकरी राहिली. त्यानंतर जिथे चाक बसेल तिथे आठ मिनिटांत मोटार चालू व्हायची. मी रोज घंटेच्या आधी शाळेत पोचायला लागलो. हेडमास्तर हसून बोलायला लागले. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं आणि तरीही काहीतरी बिघडलं होतं. काय, ते कळेना. उतारू आपापल्या जागी बसून येत आणि उतरून जात. ठकूमावशीची सून नांदत होती की नाही, मला ठाऊक नव्हतं. आबा तर बोलायचेच बंद झाले होते.

दोन महिन्यांनी एका रविवारी बाजारातून येताना मी मोटारस्टँडच्या मागच्या शेडमध्ये डोकावलो. आबा एकटेच बसले होते. समोर आठवड्याच्या साऱ्या फुटक्या ट्यूबा, बाजूला पाण्याची बादली. एकटेच बुडबुडे शोधत होते.

मला राहवलं नाही. "आबा, आठ मिनिटांत होणारं काम तुम्ही सात वर्षं का नाही केलंत हो?"

आबांनी ट्यूब पुन्हा पाण्यात दाबली. मग म्हणाले, "परंदवडीला घर हाय माझं. मानमोडीच्या तापाच्या साथीत बायकू गेली, दोन पोरं गेली. एका आठवड्यात समदं. तवापासनं हितं स्टँडवरच निजतो." त्यांनी ट्यूब पाण्यातून वर काढली. "दिसभर वीस मानसं मोटारीत असत्यात, मास्तर. पर ड्रायव्हरचं त्वांड म्होरं. मला नुसता रस्ता दिसतो. आन मालकानं पाटी ठोकलीय, ड्रायव्हरशी बोलू नये. गाडी थांबली की मला तुमची त्वांडं दिसायची. मावशी बोलायची, तुमी भांडायचा. लय बरं वाटायचं."

आपण काय करून बसलो ते मला तेव्हा कळलं. मी म्हणालो, "आबा, मालकाला ते पत्र... ते मी लिहिलं होतं."

"ठावं हाय की."

"कसं? मी नाव नव्हतं घातलं."

"मालकानं वाचून दावलं. त्यात गुनाकार हुता. आपल्या मोटारीत गुनाकार करनारं दुसरं कोन हाय?" आबा चक्क हसले. "पर लिवलं मातुर झ्याक हुतं."

मला रडू आलं, आणि ते लपवायला मी पंप ओढून घेतला आणि दट्टे मारायला लागलो. स्टेपनीचा तो सिद्धांत त्यांना खरा वाटत होता, की आम्हाला थांबवून धरायला त्यांनी तो रचला होता, हे मी विचारलं नाही. मला ते आजही ठरवता येत नाही.

पन्नास दट्टे झाल्यावर आबांनी पंप माझ्या हातातून काढून घेतला. कोपऱ्यातलं एक पोतं झटकून समोर टाकलं आणि म्हणाले, "बसा. हं, काय म्हनत हुता?"

मी तर काहीच म्हणत नव्हतो. तरी त्यांच्या समोर बसलो आणि आईनं माझ्यासाठी पाहिलेल्या मुलीबद्दल पहिल्यापासून सांगायला लागलो.