सॉफ्टवेअर आप्पाच निवडणार

बिलांचं सॉफ्टवेअर आप्पाच निवडणार होते. तसं त्यांनी सकाळी आठ वाजता जाहीर केलं आणि घरात कुणाची विरोध करायची छाती झाली नाही. (विरोध कुणी करतच नव्हतं. पण समोर विरोध आहे असं धरल्याशिवाय आप्पांना बोलता येत नसे.)

धंदा सूनबाईचा. लोकांच्या वेबसाइटना आपल्या मशीनवर जागा द्यायची आणि वर्षाचं भाडं घ्यायचं. मागच्या खोलीत ती मशीन सांभाळायची, पुढच्या खोलीत आप्पा बिलं. दोनशे चौदा गिऱ्हाइकं, प्रत्येकाचं वहीत एक पान, आणि मुदत टळली की आप्पांचा फोन. सूनबाईने सॉफ्टवेअरचं नाव काढलं तेव्हाच आप्पांनी ओळखलं, हा आपल्या खुर्चीखाली सुरुंग आहे.

"सॉफ्टवेअर आलं तरी बिलं माझ्याच हातात," ते म्हणाले. "एक जरी चूक झाली, तर खुर्ची तुझी."

"आप्पा, पैज कशाला? दोघं मिळून बघू ना."

"मी सातवी नापास. तरी चाळीस वर्षं गोदाम सांभाळलं. एक खिळा कमी भरला नाही."

तीन सॉफ्टवेअर महिनाभर फुकट वापरायला मिळाली. पहिलं आप्पांनी दहा मिनिटांत काढून टाकलं. उघडल्या उघडल्या ते 'आज कसे आहात?' असं विचारत होतं. (कामाच्या वेळी चौकश्या कशाला?) दुसऱ्यात रंग फार. तिसरं करडं, रुक्ष, कमी बोलणारं. वर एक सोय अशी, की मुदत टळली की वेबसाइट आपोआप बंद.

"हे आपल्यातलं आहे," आप्पा म्हणाले.

"मुदतीनंतर सवलतीचे दिवस किती ठेवायचे, विचारतंय."

"शून्य."

"आधी पाच-दहा नावं घालून बघू या का?"

"उडी मारायची तर पायरीवरून कशाला? तू जा आत."

दोन दिवस आप्पांनी एका बोटाने अख्खी वही आत घातली. प्रत्येक नावापुढे 'बिलाची तारीख' असा रकाना होता. आप्पांच्या वहीत पानाच्या डोक्यावर तारीख एकच, गिऱ्हाईक पहिल्यांदा आलं ती. पुढची वर्षं ते मनात मोजत. ज्याची त्याची तीच तारीख त्यांनी इमानाने दोनशे चौदा नावांपुढे लिहिली, हिरवं बटण दाबलं आणि चहा मागितला.

चहा येईपर्यंत सॉफ्टवेअरने गेल्या सहा वर्षांची बिलं काढली, कुणी छदामही दिलेला नाही असं ठरवलं, सगळ्या वेबसाइटना टाळं ठोकलं आणि प्रत्येकाला आपल्याकडचं तयार पत्र आप्पांच्या नावाने धाडलं. शाळा बंद, छापखाना बंद. सूनबाईची स्वतःची वेबसाइटही बंद, कारण तिचंही पान वहीत होतं. (आप्पा घरच्यांना वेगळा न्याय लावत नसत.)

पहिला फोन दातांच्या डॉक्टरचा. "आजोबा, मी पैसे कधीच भरलेत."

"भरलेत. मला ठाऊक आहे. यंत्राला ठाऊक नाही."

"मग माझी साइट बंद का?"

"माझी दाढ काढताना मला इतकं बोलू दिलं होतंत का? तासभर थांबा."

स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली, "अहो, चुकलं म्हणा की एकदा. जीभ झिजत नाही."

"चुकलं नाही. सॉफ्टवेअर कडक आहे का, ते पाहिलं. कडक आहे."

सूनबाईने तासाभरात तारखा सुधारल्या, टाळं काढलं आणि ती पुढच्या खोलीत आली. आप्पा न सांगता उठून उभे राहिले. दिला शब्द फिरवायची त्यांची रीत नव्हती.

"घे खुर्ची."

"बसा हो. आपले ते अकरा बुडवे आहेत ना, ज्यांना तुम्ही सहा महिने फोन करून दमलात? आज अकराही जणांनी पैसे भरले."

आप्पांची मान ताठ झाली. "घाबरले."

"मलाही तसंच वाटलं, म्हणून विचारलं. तर म्हणाले, आजोबांनी पत्रात पहिल्यांदाच 'कृपया' म्हटलंय. तब्येत बरी आहे ना त्यांची?"

आप्पा खाली बसले. चष्मा पुसला. पत्राचा मजकूर बदलायची जागा त्यांनी कुणाला न विचारता शोधून काढली, 'कृपया' खोडलं आणि बटण दाबलं.

सॉफ्टवेअरने क्षणभर विचार केला. मग करड्या अक्षरांत उत्तर आलं: 'हा बदल तुम्हाला करता येणार नाही. कृपया मालकिणीची परवानगी घ्या.'