एकास चोवीस

माणसाने जे जे मोठे केले, ते ते लहान करून कपाटात ठेवल्याशिवाय त्याला स्वस्थता लाभत नाही. आगगाडी, विमान, किल्ला, सगळ्यांचे असेच झाले आहे. मोटारगाडीचेही तसेच. रस्त्यावरची गाडी आपल्या ताब्यात राहत नाही, ती खड्ड्याच्या ताब्यात असते. टेबलावरची गाडी मात्र पूर्णपणे आपली. रत्नागिरीत हे सत्य समजायला थोडा वेळ लागला, पण समजल्यावर आम्ही लगेच कार्यकारिणी नेमली.

मी एकतीस वर्षे शाळेत कार्यानुभव शिकवला. निवृत्तीनंतर रविवारी सकाळी वाचनालयाच्या माडीवर मुलांना गाड्यांच्या प्रतिकृती करायला शिकवू लागलो. पुठ्ठा, डिंक, पट्टी, कात्री आणि एक गणित : खऱ्या गाडीची लांबी मोजायची, चोवीसने भागायचे. मुले नऊ होती. आवाज पुष्कळ होता. डिंक केसांना लागत असे. थोडक्यात, दर्जा नव्हता.

मग पालक आले. बँकेतले अधिकारी अजिंक्यराव आपल्या मुलाला, सर्वेशला, घेऊन आले आणि मुलाला खुर्चीवर बसवून स्वतः कात्री घेऊन बसले. पुढच्या रविवारी आणखी चार वडील आले. तिसऱ्या महिन्यात 'रत्नागिरी बाल-लघुवाहन छंद मंडळ' स्थापन झाले. सभासद चौतीस, सरासरी वय त्रेचाळीस. अजिंक्यराव अध्यक्ष झाले. मला सल्लागार केले, म्हणजे माझी खुर्ची पंख्यापासून जरा लांब गेली.

नियमावली अकरा पानांची आहे. सगळी देत नाही, पण बालकल्याणाची कलमे वाचण्यासारखी आहेत. कात्री, कटर व डिंक पालकाच्या ताब्यात राहील. रंग पालक देईल. बालकाने रंगाचे नाव सुचवावे (बंधनकारक नाही). प्रदर्शनात बालकाने प्रतिकृतीपासून दीड फुटावर उभे राहून समाधानी दिसावे.

याचा परिणाम तात्काळ दिसला. डबे कुरिअरने येऊ लागले. त्यांत गाडीचे दोनशे-दोनशे तुकडे आणि चिमटीने लावायचे आरसे. अजिंक्यरावांनी तर गाडीला गंज लागल्यासारखे दाखवणारी खास पावडर परदेशातून मागवली. (रत्नागिरीत समुद्रावरचा वारा लोखंडाला गंज फुकट देतो, पण तो हाताने लावता येत नाही, आपोआप लागतो, त्यात कला नाही.) सर्वेशने आपली गाडी पहिल्यांदा प्रदर्शनात पाहिली आणि ती त्याला आवडली, असे त्याच्या वडिलांनी सांगितले.

प्रदर्शनात सत्तावीस प्रतिकृती होत्या. त्यांपैकी सव्वीस प्रतिकृतींवर बालकाचा हात लागल्याची कोणतीही खूण आढळली नाही. सत्ताविसावी आम्रपालीची.

आम्रपाली सातवीत आहे. तिचे वडील सहदेव नाटे गावाहून मासळीचा टेम्पो घेऊन रविवारी पहाटे निघतात, मिरकरवाडा बंदरात माल उतरवतात आणि परतीचा बर्फ भरेपर्यंत तिला माझ्या वर्गाला सोडतात. माझ्या मूळ नऊ मुलांपैकी ही एकटीच उरली होती, कारण तिच्या वडिलांना तिच्या शेजारी बसून तिचे काम करायला सवड नव्हती. तिने वडिलांचा टेम्पो केला होता. शिंप्याच्या टेपने सगळा टेम्पो मोजला, चोवीसने भागले, पुठ्ठा कापला. दिव्यांना गोळ्यांच्या पाकिटाची चांदी. डावा दरवाजा खऱ्या टेम्पोत निळ्या नायलॉनच्या दोरीने बांधलेला असतो, म्हणून इथे निळा दोरा. मागच्या फळीवर पेंटरने तिचे नाव रंगवताना जागेचा अंदाज चुकून 'ली' खालच्या ओळीत गेली होती, तिनेही ती खालीच ठेवली. उजवा दिवा एक मिलिमीटर खाली. तिला बक्षीस नको होते. विजेत्या प्रतिकृती वर्षभर वाचनालयाच्या काचेच्या कपाटात राहतात, आणि आपला टेम्पो त्या कपाटात बाबांनी बघावा, एवढेच तिला हवे होते. हे ती मला सलग पाच रविवार सांगत होती.

परीक्षणाला शंभर गुण. स्वच्छता तीस, चकाकी तीस, दोन्ही बाजू सारख्या असणे पंचवीस, फोटोत उठून दिसणे दहा, आणि मूळ वाहनाशी साम्य पाच. आम्रपालीला पाच गुण मिळाले असते, परंतु समितीने त्यावरही आक्षेप घेतला. दिवा वाकडा, दरवाजा नीट बसलेला नाही, अक्षरे खाली-वर. ती म्हणाली, तो तसाच आहे. अजिंक्यरावांनी तिला प्रेमाने समजावले की कोणतेही वाहन असे नसते. त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. त्यांच्या सोसायटीत तसे एकही नाही.

मी प्रत्यक्ष पाहणीची सूचना मांडली. सल्लागाराला तेवढा अधिकार असतो.

पुढच्या रविवारी सहदेवने टेम्पो वाचनालयासमोर उभा केला. मागून बर्फाचे पाणी गळत होते. समितीचे पाच सभासद टेप, वही आणि गवंड्याची लेव्हल घेऊन खाली उतरले. नाकाला रुमाल ऐच्छिक होता, पाचही जणांनी लावला. उजवा दिवा डाव्यापेक्षा चोवीस मिलिमीटर खाली निघाला. चोवीसने भागून एक. दोरी मोजली, तीही बरोबर. 'ली' जिथे असायला हवी तिथेच. अडीच तास मोजूनही मुलीची एकही चूक सापडली नाही. त्यामुळे वातावरण गंभीर झाले.

समितीने तिथेच, टेम्पोच्या सावलीत, ठराव केला. प्रतिकृती मुळाबरहुकूम आहे, हे मान्य. परंतु मूळच सदोष आहे. सदोष वस्तूची अचूक प्रतिकृती ही दुप्पट सदोष होय, कारण तीत एकच चूक दोन जागी होते. सबब मूळ वाहनास शंभरपैकी अकरा गुण देण्यात येत आहेत.

अजिंक्यरावांनी सहदेवला दुरुस्त्यांची यादीही दिली, मंडळातर्फे, विनामूल्य. सहदेवने ती दोन्ही हातांनी घेतली, वाचली आणि शांतपणे म्हणाला, "सायेब, दिवा करतो. पण दोरी सोडली तर ह्यो दरवाजा वाटेत उघडतो. पावस गावाच्या वळणावर माजी सुरमई लोकान्ला वाटत जाव काय?"

हे विधान विषयाला धरून नसल्याने इतिवृत्तात घेतले नाही.

तरी मंडळ कठोर नाही. मुलीचा हिरमोड होऊ नये म्हणून अजिंक्यराव तिचा टेम्पो चार दिवस घरी घेऊन गेले. मोठ्या पदावरच्या माणसाने मासळीच्या टेम्पोसाठी चार दिवस दिले, याची नोंद व्हायला हवी. त्यांनी दिवा सरळ केला. दोरा काढून दरवाजा चिकटवला. पुठ्ठ्याला रंगाऱ्याची लांबी भरून, घासून, वर तीन हात निळा रंग दिला. 'आम्रपाली' एका ओळीत आणले, त्यासाठी मात्र फळी थोडी लांब करावी लागली. चाके बदलली. शेवटी मूळ पुठ्ठ्यापैकी तळ तेवढा राहिला, तो दिसत नाही. या प्रतिकृतीला ब्याण्णव गुण आणि उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. कपाटात वरून दुसऱ्या फळीवर जागा मिळाली. चिठ्ठीवर नाव मुलीचेच. मंडळ श्रेय कोणाचे घेत नाही. सल्लागार म्हणून निकालपत्रावर माझी सही आहे. अक्षर बरे आले आहे.

रविवारी सहदेव तिच्याबरोबर माडीवर आला. पायातल्या चपला त्याने जिन्यातच काढल्या होत्या. कपाटाच्या काचेला नाक लावून त्याने वरची फळी पाहिली, मग दुसरी, मग तिसरी, मग पुन्हा वरची. बराच वेळ गेला. मुलगी त्याच्या मागे उभी होती.

"आमचा खयचा गो?" त्याने विचारले.

आम्रपालीने कपाटाकडे पाहिले नाही.

"आपला नाय ह्यात," ती म्हणाली.

मी पुढे होऊन दुसऱ्या फळीवरची निळी गाडी दाखवली. सहदेवने मान डोलावली, छान आहे म्हणाला, आणि बर्फ वितळतोय म्हणून दोघे खाली गेले. त्यानंतर ती वर्गाला आलेली नाही. मंडळाच्या वार्षिक अहवालात 'बालकांची गळती : एक' असे लिहिले आहे, आणि पुढे 'नैसर्गिक'.

प्रदर्शन वर्षभर सर्वांना खुले आहे, रविवारी दहा ते बारा. आपणही या. येताना मुलांना आणा. आजवर चारशे बारा जणांनी तो टेम्पो पाहिला आणि अभिप्रायाच्या वहीत चारशे बारा जणांनी साधारण एकच वाक्य लिहिले : 'मुलीने किती सुबक केला आहे, अगदी खऱ्यासारखा!' आपणही तेच लिहाल, याची मला खात्री आहे. आणि मग आपल्या मुलाचा खांदा धरून त्याला काचेजवळ न्याल आणि म्हणाल, "बघ. असं करायचं असतं."