पेटीमार्फत बोलणं

आमच्या ऑफिसातले बबनकाका यंत्राशी बोलतात. तसं आपण सगळेच बोलतो म्हणा. प्रिंटर अडकला की मी जे बोलते ते आईसमोर बोलता येणार नाही. पण काकांचं सगळं रीतसर. दारावर टकटक, चपला बाहेर, आणि मग प्रेमानं, "काय गं, काय दुखतंय?"

हे बोलणं चालतं ते माथेरानच्या एका हॉटेलातल्या नेटवर्कच्या पेटीशी. सगळ्या खोल्यांचं इंटरनेट तिच्यातून जातं. ती अधूनमधून रुसते, आणि मग कर्जतहून कुणीतरी वर जाऊन तिला बंद करून परत चालू करायचं. दस्तुरीपर्यंत टॅक्सी, पुढे गाड्यांना बंदी, म्हणून तांबड्या मातीतून पायपीट. आम्ही सगळे टाळायचो. काका मात्र फोन यायच्या आधीच पिशवी घेऊन तयार! "हात लावल्याबिगर कळत नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एकदा मी सोबत गेले आणि उलगडा झाला. पेटीच्या खोलीची चावी हॉटेलच्या वॉचमनकडे, आणि वॉचमन म्हणजे काकांचे सख्खे थोरले भाऊ, शांतारामदादा. भिवपुरीजवळच्या गावात घराच्या वाटण्या झाल्या, मधे भिंत आली, बोलणं तुटलं. दादा आपल्या अर्ध्या घराला कुलूप लावून वर नोकरीला आले ते आलेच.

काका पेटीकडे तोंड करून म्हणाले, "इचार त्याला, गुडघा कसा हाय."

दादाही पेटीलाच म्हणाले, "सांग, हाय तसाच हाय. नि म्हणावं, केस काळे करायचं सोड. शोभत नाय."

"सांग त्याला, आधी आरशात बघ म्हणावं!"

तासभर हे चाललं. पेटी बिचारी दिवे लुकलुकवत ऐकत होती. मला हसू आवरेना.

मग साहेबांनी कार्ड आणलं. ते पेटीत बसवायचं, त्याला स्वतःची वायर, स्वतःचा पत्ता आणि पासवर्ड द्यायचा. पेटी गपगार झाली तरी कार्ड जागं असतं, त्यामुळे कर्जतमध्ये खुर्चीत बसून पेटी बंद-चालू करता येते. "बबनराव, तुमची पायपीट संपली!" साहेब खुशीत. काकांचा चेहरा पार उतरला. मला फार वाईट वाटलं. दोघा भावांना भेटायला तेवढीच एक जागा होती.

वाटलं, काका मुद्दाम पत्त्यातला एखादा आकडा चुकवतील. छे! "कामाशी बेइमानी नाय जमत गं," म्हणत वर जाऊन त्यांनी कार्ड चोख बसवलं. मी खालून पेटी बंद केली, चालू केली. फोनवर काका पेटीशी बोलताना ऐकू आले, "सांग त्याला, आता माझं हितं काय काम नाय."

पावसाळा संपता संपता पेटी पुन्हा रुसली, आणि कार्डही उत्तर देईना. पत्ता तपासला, पासवर्ड तपासला, काही नाही. मी पर्स उचलेपर्यंत काका टॅक्सीत!

वर पोचून बघतो तर कार्डाची वायर उपसलेली. नीट गुंडाळून खिळ्याला टांगलेली, वर भाताच्या पेंढीला मारतात तशी गाठ.

"माकडं लय झालीत," दादा छताकडे बघत म्हणाले. खोलीची चावी त्यांच्याच कमरेला!

काका ती गाठ चाचपत राहिले. मग पेटीला म्हणाले, "इचार गं त्याला, आमच्या आबांची गाठ माकडांना कोणी शिकवली?"

दादांनी सवयीनं पेटीकडे तोंड केलं. बोलायला गेले, थांबले, आणि सरळ काकांकडे वळले.

"मी काढली. आख्खा पावसाळा गेला, तू आला नायस. मला करमंना, बबन."

काकांनीही एकदा पेटीकडे बघितलं. मग वायर जागेवर खोचली आणि तिथंच जमिनीवर बसकण मारली.

"च्या टाक, दादा," ते म्हणाले. "आन आयतवारी घरी ये. मी बी येत जाईन, पेटी बिघडो नायतर ना बिघडो."

कार्डाचा हिरवा दिवा लागला होता. तिकडे बघायला माझ्याशिवाय कुणाला सवड नव्हती.